गोदाला न्हाण आलं की नाही

या दिवाळी अंकासाठी मी काहीतरी लिहावं म्हणून जी मुलगी माझ्याकडे आली, तिने बसता बसताच विचारलं, "आजी, तुमच्या हातून किती बाळंतपणं झाली?" हा प्रश्न मला नवा नाही. पैलवानाला कुस्त्या विचारतात तशी सुईणीला बाळंतपणं विचारतात. मी मोजली नाहीत. मोजत बसले असते तर नाळ कोणी बांधली असती? तिला आडव्या मुलांच्या आणि अडलेल्या बायांच्या गोष्टी हव्या होत्या. त्या माझ्याकडे आहेत, पण त्या सगळ्याच सुईणींकडे असतात. मला जास्त आठवतं ते दुसरंच काम. ते माझ्या नेमणुकीच्या हुकमात नव्हतं, रजिस्टरात त्याला रकाना नव्हता, आणि जन्मात मी काही बरं केलं असेल तर ते बहुतेक त्याच कामात.

निजामाचं राज्य होतं. मी विधवा. थोरल्या भावाने हिय्या करून मला हैदराबादला पाठवलं, तिथे दीड वर्ष सुईणीचं काम शिकले आणि पूर्णेच्या दवाखान्यात लागले. नातेवाइकांनी भावाशी बोलणं टाकलं, ते मी त्यांच्यापैकीच एकीचं बाळंतपण सोडवलं तेव्हा पुन्हा सुरू झालं. पूर्णा तेव्हाही जंक्शनच होतं. दवाखान्याच्या पांढऱ्या चादरी दोरीवर वाळत घातल्या की इंजिनाच्या धुराने संध्याकाळपर्यंत करड्या व्हायच्या. आठवड्यातून एक दिवस मला खेडी दिलेली होती. सकाळच्या गाडीने चुडाव्याला उतरायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. हातात एक लाकडी पेटी. तिच्यात कात्री, नाळ बांधायचा उकळलेला दोरा, आयोडीन, बोरिकची पूड, कार्बोलिक साबण आणि कापूस. काम काय, तर पोटुशा बाया बघायच्या आणि गावच्या सुईणींना पटवायचं की नाळ विळ्याने कापू नका, त्याने लेकरू धनुर्वाताने जातं.

पण बाया भेटायच्या कुठे? पहाटे जात्यावर, मग पाण्याला, मग चुलीशी, मग शेतात. मी ओसरीवर जाऊन बसायची आणि घरातली म्हातारी माझ्याशी गप्पा मारायची. जिला ऐकायची गरज होती तिला सवड नव्हती, आणि सवड होती तिला गरज उरलेली नव्हती. दोन-तीन महिने असे फुकट गेल्यावर मला एक गोष्ट दिसली. गावात कामावाचून बसलेल्या तरण्या बाया एकाच ठिकाणी सापडतात, आणि ते म्हणजे बाहेर बसलेल्या बायांचं खोपटं.

आजच्या मुलींसाठी सांगते. महिन्याचे ते चार दिवस बाईने घरात शिरायचं नाही, चुलीला, पाण्याला, देवाला शिवायचं नाही. गरिबाघरच्या बाया त्या दिवसांतही कापूस वेचायला जात. विटाळ चुलीला लागायचा, कापसाला लागायचा नाही. पण बऱ्या घरच्या बाया परसातल्या खोपटात बसत. चुडाव्यात गिरजाबाई नावाच्या एका शेतकरणीच्या परसात तुराट्यांच्या कुडाचं असं खोपटं होतं. सगळ्या भावकीच्या बाया तिथेच यायच्या, त्यामुळे कधीही जावं तर चार-पाच जणी हमखास. माझी शाळा तिथे भरली. मला विटाळ होतो की नाही यावर गावाने थोडे दिवस विचार केला आणि मग परस्पर ठरवून टाकलं की नर्सबाई आगगाडीसारखी आहे, तिला काही लागत नाही.

आमच्या डॉक्टरसाहेबांना मी हे भीत भीत सांगितलं. ते हैदराबादचे, सज्जन माणूस. थोडा वेळ पेन्सिल टेबलावर आपटत राहिले आणि म्हणाले, "रजिस्टर में नक्को लिखो, बाई. मगर करते रहो." वरून शिक्षणासाठी उर्दूत छापलेली पत्रकं यायची. ती इतक्या अदबीने लिहिलेली असत की वाचून संपली तरी ती कशाबद्दल आहेत ते कळू नये. मी ती पेटीच्या तळाला अंथरली आणि त्याऐवजी एक मोठी चंची शिवली. चंची म्हणजे पानसुपारीची पिशवी, दोरी ओढली की तोंड मिटतं, सैल सोडली की उघडतं. आत चिंध्यांची बाहुली घातली. बाईच्या पोटात पिशवी असते ती अशी, हे तिचं तोंड, लेकरू इथून येतं, आणि दर महिन्याला लेकरू आलं नाही की पिशवी आतलं अंथरूण धुऊन टाकते, तेच तुमचं बाहेर बसणं, त्यात पाप ना पुण्य. पहिल्या दिवशी एक आजीबाई कुडाबाहेरून म्हणाल्या, "बाई, चंची आनलाव तर पान बी आनायचं की!" सगळ्या इतक्या हसल्या की माझा धडा तिथेच संपला. पुढच्या आठवड्यात मात्र दुप्पट बाया होत्या, त्यातल्या निम्म्या बाहेर बसलेल्या नव्हत्याच.

धडे तीनच. पहिला कपड्याचा. गोठ्याच्या भिंतीत कोंबून ठेवलेल्या कुबट चिंध्या बाया पुन्हा पुन्हा वापरत, मग खाज, ताप, पोटदुखी, आणि नाव देवीचं. मी सांगायची, साबणाने धुवा, चौपदरी घडी करा आणि सावलीत लपवू नका, दुपारच्या कडक उन्हात वाळवा. दुसरा धडा नाळेचा. तिसरा असा की, न्हाण आलं म्हणजे पोर बाळंतपणाला तयार झाली असं नव्हे. कमरेची हाडं भरायला सोळा वर्षं लागतात, तोवर पोरीला सासरी धाडू नका. पहिले दोन धडे हळूहळू उतरले. तिसऱ्याला सगळ्या माना डोलवत आणि पालथ्या घड्यावर पाणी. मान डोलावणं म्हणजे ऐकणं नव्हे हे मला उशिरा कळलं.

तो धडा एकीने मात्र ऐकला, आणि ती बाहेर बसणाऱ्यांतली नव्हतीच. ती गिरजाबाईची गोदा, बारा वर्षांची. खोपट्यातल्या बायांना भाकरी आणि पाणी पोचवायचं काम तिचं. बारीक चणीची, गुडघे मोठे, डोळे त्याहून मोठे. पाणी ठेवून जायला तिला भारी वेळ लागायचा. एकदा तिने विचारलं, "बाई, न्हाण आल्यालं सांगावंच लागतंय का?"

मी हसून म्हणाले, "न सांगून कसं चालेल? आईला सांगायचं."

"आन् मायनं सांगितलं तर?"

मला गाडी गाठायची होती. मी पेटी उचलून निघाले. त्या प्रश्नात काय होतं ते मी थांबून बघायला हवं होतं.

गोदाचं लग्न आठव्या वर्षीच तिच्या आत्याच्या मुलाशी झालेलं होतं. बसमतकडचं खेडं, घर भरलेलं. आत्याच सासू, म्हणजे पोर आपल्याच घरातून आपल्याच घरात जायची, मग काळजी कसली, असं सगळे म्हणत. लग्न झालेली पोर माहेरी राहायची ती न्हाण येईपर्यंतच. न्हाण आलं की साखर वाटायची, सासरी सांगावा धाडायचा, ते हिरवं लुगडं घेऊन येणार, पोरीला मखरात बसवून ओटी भरणार आणि महिना-दोन महिन्यांत तिला न्यायला मूळ येणार. तिथून ती बायको आणि वर्षभरात बहुतेक आई.

त्या श्रावणात आत्याबाई पंचमीला माहेरी आल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे चुडाव्याला उतरले तर गिरजाबाईचा सांगावा, की आधी घरी या. माणसं शेतात गेली होती. माजघरात आत्याबाई भिंतीला टेकून बसलेल्या, गुडघे दुखायचे म्हणून पाय लांब केलेले. गिरजाबाई समोर. तिला सातवा महिना होता, माझ्याच देखरेखीखाली. आणि गोदा खांबाला चिकटून उभी. मागच्या दाराच्या उंबऱ्याबाहेर काठीने उचलून आणलेलं एक फडकं ठेवलेलं होतं. स्वच्छ धुतलेलं, कडक वाळलेलं, चौपदरी घडीच्या रेघा त्यावर दिसत होत्या. ते पाहून मास्तरीण म्हणून माझी छाती फुगली आणि पुढच्याच क्षणी माझी नजर खांबाशी उभ्या गोदाकडे गेली.

"मागल्या कुडावर वाळायलं व्हतं," आत्याबाई म्हणाल्या. "वैनी म्हनती, महं हाय. सातवा लागलाय तिला, तुमीच सांगितलाव ना? मग हिचं कसं?"

गिरजाबाईने पदर पोटावर ओढून घेतला. आत्याबाई माझ्याकडे वळल्या.

"बाई, तुमी खोटं बोलत न्हाईत म्हनून सारं गाव सांगतंय. तुमीच सांगा, पोरगी शहाणी झाली का न्हाई?"

मी म्हणाले, आधी तिच्याशी बोलते. गोदाला परसात लिंबाखाली नेलं. ती रडली नाही.

"पाच डाव झालंय, बाई," ती म्हणाली. "मायला आत्ता कळालं, म्हैन्याखाली."

"अगं, मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुमीच म्हनलाव की, सोळा होईस्तवर हाडं भरत न्हाईत. मला तर बारावं हाय. सांगितलं असतं तर नेलं असतं. आन् फडकं उन्हातच वाळवा म्हनलाव. म्या दोनी ऐकलं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझ्या एका धड्याने पोरीला लपायला शिकवलं आणि दुसऱ्याने तिला उघडं पाडलं. गावातल्या थोरल्या बायांनी ऐकलं नाही ते सगळं या एका लेकराने ऐकलं, आणि तिला वाचवायला माझ्यापाशी काहीच नव्हतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "बाई, न्हाई म्हना. एवढंच म्हना."

मी खोटं बोलायचं ठरवलं. अंगावर पांढरं जातंय, अशक्तपणा आहे, औषध देते, असं काहीतरी. वाक्यही मनात जुळवलं. गोदाला घेऊन आत गेले, तोंड उघडलं आणि खरं बोलून बसले. "हो, आलंय," म्हणाले. का, ते मला आजही धड सांगता येत नाही. माझ्या शब्दावर गावच्या सुईणीने विळा बाजूला ठेवला होता, तो शब्द खोटा पडला तर उद्या किती लेकरं जातील, असं मी नंतर स्वतःला समजावलं. पण त्या क्षणी असलं काही मनात नव्हतं. मी भ्याले होते. आत्याबाईंच्या नजरेला भ्याले. गोदाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग भिंतीकडे तोंड केलं. ते मला अजून सोसत नाही.

मग निदान जे येतं ते करावं म्हणून मी पेटी उघडून चंची बाहेर काढली. आत्याबाईंच्या पुढ्यात बसले. सांगितलं, की ही बारा-तेरा वर्षांच्या पोरीची कंबर. दोरी आवळून धरली आणि आतली बाहुली ढकलत राहिले. खोपट्यात हसत-खेळत सांगायची मला सवय, इथे कोणी हसत नव्हतं. बाहुलीचं डोकं तोंडाशी येऊन अडकलं. मी आणखी ढकललं तशी शिवण उसवायला लागली.

"पुरे," आत्याबाई म्हणाल्या.

बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या.

"मला तेरावं व्हतं," आत्याबाई भिंतीकडे बघत बोलल्या. "तीन दिस. तिसऱ्या दिशी काढलं, मेल्यालं. पोरगा व्हता म्हने. मला दावला बी न्हाई. सासू म्हनली, व्हतंय असं, पयल्या खेपंला व्हतंय. पुढं आठ वरीस कूस उजवली न्हाई, तवा वांझ म्हनायल्या त्याच." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "हे मी वैनीला बी कधी सांगितलं न्हाई."

गिरजाबाईने त्यांच्या पायावर हात ठेवला. नणंद-भावजयीत तसं फारसं गूळपीठ नव्हतं, हे मला माहीत होतं.

आत्याबाईंनी उंबऱ्यापलीकडच्या फडक्याकडे बोट केलं. "वैनी, उचल ते. तुहंच हाय."

"आवं पन वन्सं..."

"तुहं हाय म्हनलं ना. कोनी इचारलं तर सातव्यात बी थोडं अंगावर जायलंय म्हनाव. पोरीला अजून काई न्हाई. म्या हिकडून जाऊन तसंच सांगनार."

आणि गिरजाबाई सात महिन्यांचं पोट सावरत उठली आणि ते फडकं घेऊन आत गेली. गोदा भिंतीकडे तोंड करून तशीच उभी होती. आता ती रडत होती.

त्यानंतर तीन वर्षांवर ते गुपित आम्ही चार जणींनी राखलं. मी पहिल्या धड्यात दुरुस्ती केली. कपडा उन्हातच वाळवा, पण वरून एक पातळ लुगडं पसरा, ऊन आत जातं आणि नजर जात नाही. एवढी साधी अक्कल मला आधी का सुचली नाही, कोण जाणे. गिरजाबाईला मुलगा झाला, नाळ माझ्या कात्रीने कापली.

खरं जड ओझं होतं आत्याबाईंवर. त्यांचे मालक वर्षभर गप्प बसले, मग म्हणायला लागले की पोरीत खोट आहे, पोराची दुसरी करू. आत्याबाई गुडघ्याचं निमित्त काढून गाडीने पूर्णेला यायच्या, दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसायच्या आणि हळूच विचारायच्या, "अजून किती?" मी म्हणायची, दोन वर्षं. मग दीड. एकदा त्या रडकुंडीला आल्या होत्या. "घरात सोयरा येऊन बसायलाय, बाई. पोरगी घेऊनच. काय सांगू मालकाला?" मी हाडांचं, वयाचं सगळं पुन्हा सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या, "हे त्येला सांगितलं तर मला वेड्यात काढंल." आणि घरी जाऊन त्यांनी सांगितलं की देवी स्वप्नात आली, तिसऱ्या नवरात्रापर्यंत थांबलात तर वंश वाढेल, नाहीतर बुडेल. मालक थांबले. ज्याच्या हाती ससा तो पारधी. दीड वर्ष हैदराबादेत घोकून घोकून शिकलेली विद्या माझी आणि पारधी झाली देवी. मला थोडा राग आला होता, खोटं कशाला सांगू?

हे वाचून मी मोठी शर्थ केली असं कोणाला वाटेल, म्हणून हेही लिहिते. गोदा एक होती. आयांनी माझे तिन्ही धडे ऐकूनही तेराव्या वर्षी मूळ आलेल्या मुली कितीतरी होत्या. त्यातली एक बैलगाडीतून दवाखान्यात आली तेव्हा फार उशीर झालेला होता. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तिची आई माझ्या खोपट्यातल्या शाळेत पुढे बसायची आणि सगळ्यांहून जोरात मान डोलवायची. ती पोर गोदासारख्याच घरात दिलेली होती आणि तिथे आत्याबाई नव्हत्या, एवढाच फरक.

गोदाला सोळावं लागलं त्या नवरात्रानंतर गिरजाबाईने साखर वाटली. पोर शहाणी झाली! बापाने गावभर सांगितलं. सासरची माणसं हिरवं लुगडं घेऊन आली. मालक मिशीवर हात फिरवत देवीचा महिमा सांगत होते. मला बोलावणं होतं. विधवेला असल्या समारंभात कोण बोलावतं? पण आत्याबाईंनी खास सांगावा धाडला होता, आणि नर्सबाई आगगाडीसारखी, तिला काही लागत नाही. गोदा मखरात बसली होती. अंग भरलेलं, उंच झालेली. बाया गाणी म्हणत होत्या. न्हाण आलं, न्हाण आलं म्हणत कोणी तिच्या गालाला हळद लावली की गोदा माझ्याकडे बघायची आणि हसू दाबायची. गिरजाबाईला तर तोंडात पदर कोंबावा लागला. मीही हसत होते. इतकी वर्षं मनात अडकलेलं काहीतरी त्या दिवशी सुटलं. पुढे दोन वर्षांनी गोदाला मुलगी झाली, ती माझ्याच हातावर, आणि ते बाळंतपण इतकं सरळ झालं की सांगण्यासारखं त्यात काहीच नाही.

गर्दी पांगल्यावर आत्याबाई साखर घेऊन माझ्याजवळ आल्या. माझ्या मुठीत साखर घातली आणि मूठ सोडेनात. मखराकडे बघत होत्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "मह्या येळंला तुमी कुठं व्हताव?"

आम्ही दोघी एकाच वयाच्या, फार तर एखाद्या वर्षाचं अंतर. ज्या वर्षी त्यांना तेरावं होतं त्या वर्षी मी माहेरी मानवतला माझ्या मखरात बसलेली होते. हिरवं लुगडं नेसून, बुंदी खात, अगदी खूष. मला कोणी काही सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षी माझंही बाळ गेलं आणि मग पुन्हा झालं नाही. हे मी कोणाला सांगत नसे. हैदराबादला मी का गेले हे भावानेही कधी विचारलं नाही.

माझे डोळे भरून आले. त्यांचा हात मी तसाच धरून ठेवला.

"येतच होते, आत्याबाई," मी म्हणाले. "मला बी उशीरच झाला."